घरी शिवलेला टुटू

मुलीला बॅले शिकवायचं असं आम्ही काही ठरवलेलं नव्हतं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये तळमजल्यावर एक आरशांचा हॉल आहे. सकाळी तिथे बायकांचा झुंबा चालतो आणि संध्याकाळी कधीकधी बॅले. मुलगी तेव्हा चौथीत होती. सायकल चालवता चालवता ती त्या हॉलच्या काचेपाशी थांबली, ती मी बोलवायला जाईपर्यंत तिथेच. घरी येताना म्हणाली, “मम्मा, मला तो पाहिजे.”

मला वाटलं, क्लास.

दुसऱ्या आठवड्यात तिचं नाव घातलं. नवरा म्हणाला, “भरतनाट्यम तरी घालायचं होतंस, आई खूश झाली असती.” आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या डोंबिवलीला राहतात, शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. माझी स्वतःची आई, जिला आम्ही सगळे आय म्हणतो, ती इथेच कोळशेत गावात राहते, आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तिथेच वाढले. आता जिथे आमचा टॉवर आहे तिथे तेव्हा कारखान्याची भिंत होती आणि भिंतीच्या अलीकडे आमची घरं. वडील खाडीत होडी घालायचे, आय टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. मी बीकॉम झाले, ठाण्यातच एका ऑफिसात अकाउंट्सला लागले, कॉलेजातल्याच मुलाशी लग्न केलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की बॅलेशी आमच्या दोन्हीकडच्या कोणाचा काही संबंध नव्हता.

वर्षअखेरीला क्लासचा कार्यक्रम ठरला. ठाण्यातल्या एका शाळेचं सभागृह घेतलेलं. कपडे मुंबईहून भाड्याने येणार होते. मापाच्या दिवशी एक माणूस मोठाल्या गोल पिशव्या घेऊन आला. त्यातून त्याने एकेक पांढरा टुटू काढला तेव्हा हॉलमधल्या सगळ्या मुली गप्प झाल्या. तोपर्यंत नुसता कलकलाट होता. आया पण गप्प झाल्या, त्यात मीही. मला अजून कळत नाही आम्ही का गप्प झालो. कापडच होतं. जाळीचं, थरांवर थर घातलेलं, आणि कमरेपासून सरळ बाहेर, आडवं, ताटासारखं.

माझी मुलगी अंगाने भरलेली. आमच्याकडचीच हाडं आहेत. तिच्या वयाच्या मापाचा टुटू कमरेला पुरेना. त्या माणसाने मागचे हुक ओढून पाहिले, मग त्याच्याकडचा सगळ्यात मोठा काढला, तोही तसाच. मुलगी पोट आत घेऊन श्वास रोखून उभी होती. तो माणूस चांगला होता, काही बोलला नाही, फक्त बॅले शिकवणाऱ्या मॅमकडे बघून त्याने मान हलवली.

मॅम तरुण होत्या, मृदू बोलायच्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आपण तिला ट्री करू या का? पाठीमागे तीन ट्रीज आहेत. झाडंसुद्धा इम्पॉर्टंट असतात.”

मुलीने ते ऐकलं होतं. तिने विचारलं, “झाडाला काय घालायचं असतं?”

“ब्राऊन लेगिंग्ज आणि ग्रीन टॉप.”

“ओके,” ती म्हणाली.

घरी येईपर्यंत ती शाळेतल्या कुठल्यातरी मुलीच्या मांजरीबद्दल बोलत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला लागलंय का? लागलं असेल तर ती लपवतेय का? की खरोखरच तिला काही नाही, आणि जे लागलंय ते मला? विचारायला गेले तर नसलेलं दुःख मीच तिला दाखवल्यासारखं होईल असं वाटलं. मी विचारलं नाही. रात्री जेवताना ती भात चिवडत बसली, पण भात ती नेहमीच चिवडते.

रविवारी डोंबिवलीला गेलो. सासूबाईंना मुलीनेच सांगितलं, “आजी, मी झाड आहे. टुटू मला होत नाही.”

सासूबाईंनी चष्मा काढला. “माप मुलीचं घेतात ना? कपड्याचं माप मुलीने घ्यायचं, हे मी पहिल्यांदा ऐकतेय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “फोन लाव त्या बाईंना. आपण शिवू.”

“आई, तो साधा फ्रॉक नसतो.”

“सुईदोऱ्यानेच शिवतात ना?”

मी मॅमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “घरी टुटू कोणी शिवत नाही, मॅम. पण ट्राय करा, मला आवडेल. फक्त क्लासिकल शिवा हं, रोमँटिक नको.”

मी हो म्हणून फोन ठेवला. दोन्हींतला फरक मला माहीत नव्हता. सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाल्या?” मी म्हटलं, “रोमँटिक नको म्हणाल्या.” त्या म्हणाल्या, “नऊ वर्षांच्या मुलीला कोण शिवतंय रोमँटिक.”

पुढच्या रविवारपर्यंत सासूबाईंनी अभ्यास केलेला. त्यांच्याकडे टॅबलेट आहे, त्यावर अक्षरं मोठी करून त्या तासन्‌तास वाचतात. आम्ही पोचलो तर त्यांनी पोह्यांबरोबर आम्हाला टुटूचा इतिहास वाढला.

दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत तिकडच्या नाचणाऱ्या बायका पायघोळ, जड झगे घालून नाचायच्या, पाय कोणाला दिसायचेच नाहीत. मग पॅरिसला एका नाचात परीचं काम करणारी मुलगी पांढऱ्या, विरळ कापडाच्या घंटेसारख्या झग्यात आली. झगा पोटऱ्यांपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मानाने तोकडाच. ती पायाच्या अंगठ्यांवर उभी राहायची आणि खालून तो झगा ढगासारखा हलायचा. लोकांना वाटायचं ही जमिनीला टेकलेलीच नाही. तो रोमँटिक टुटू. पुढे नाच अवघड होत गेला, पायांचं काम वाढलं, ते दिसावं म्हणून झगा वर वर सरकत गेला. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. शेवटी तो खाली लोंबायचाच बंद झाला आणि कमरेवर आडवा उभा राहिला. तो क्लासिकल.

“म्हणजे आधी पाय झाकायला आणि मग दाखवायला,” मी म्हटलं.

“तसंही नाही. आधीही दाखवायलाच. किंवा…” सासूबाईंनी टॅबलेट पुन्हा जवळ ओढला. “मलाही नीटसं कळलं नाही. एका ठिकाणी लिहिलंय की तो शरीर विसरायला लावतो. दुसरीकडे लिहिलंय की तेव्हाचे श्रीमंत पुरुष दुर्बिणी घेऊन पायच बघायला यायचे. दोन्ही एकाच कपड्याबद्दल.”

“आणि टुटू म्हणजे काय, आजी?” मुलीने विचारलं.

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग शाळेत एखादा अवघड धडा शिकवताना वापरायच्या असतील त्या आवाजात म्हणाल्या, “नक्की माहीत नाही. पण एक समज असा आहे की फ्रेंच लहान मुलांच्या बोबड्या बोलीत जो पार्श्वभागाचा शब्द आहे, त्यावरून.”

“पार्श्वभाग म्हणजे?”

“ढुंगण,” मी म्हटलं.

मुलगी पोह्यांची बशी बाजूला ठेवून आडवी होऊन हसायला लागली. तो सगळा दिवस तिला एवढंच पुरलं.

जाळी आणायला कल्याणला गेलो. तिथल्या बाजारात लेहेंग्यांच्या अस्तराची दुकानं आहेत. मी दुकानदाराला म्हटलं, टुटूसाठी नेट पाहिजे. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच गोंधळले. हाताने दाखवलं, असं असं उभं राहायला पाहिजे. “हां, कॅनकॅन,” तो म्हणाला. “हार्ड देऊ का सॉफ्ट?” सासूबाईंनी दोन्ही कापडं गालाला लावून पाहिली. मुलीच्या मांड्यांना टोचेल म्हणून मऊ घेतलं. दुकानातून बाहेर पडल्यावर त्यांनी मला सांगितलं, कॅनकॅन हासुद्धा तिकडचा एक नाचच आहे, पण तो वेगळा. कल्याणच्या गल्लीत लेहेंग्याच्या आतल्या अस्तराला कोणत्या तरी फ्रेंच नाचाचं नाव कसं येऊन चिकटलं, याचा विचार मी रिक्षात बसून करत राहिले.

मऊ जाळी उभी राहिली नाही. सासूबाईंनी त्यांच्या पायाच्या मशीनवर दोन रविवार घालवून झालरी चुणल्या, पांढऱ्या चड्डीवर ओळीने शिवल्या, आणि मुलीला घालून पाहिलं, तर सगळं भिजलेल्या कोंबडीच्या पिसांसारखं खाली लोंबलं. मुलगी आरशात बघून म्हणाली, “हा रोमँटिक झाला का?”

पुन्हा कल्याण. आता कडक जाळी. तीही शिवली तेव्हा बाहेरच्या कडेला वाकायला लागली. आम्ही चूक शोधत होतो ती कापडात, आणि चूक क्रमात होती. आम्ही सगळ्यात रुंद झालर खाली घेतलेली आणि वर लहान लहान होत गेलेलो, घागऱ्याला लावतात तशी. टुटूला उलटं असतं. सगळ्यात खाली, मांडीजवळ, अगदी आखूड झालर, तिच्या वर जरा मोठी, तिच्या वर आणखी मोठी. खालच्या आखूड थरांनी वरच्या लांब थरांना उचलून धरायचं. हे एका व्हिडिओत दिसत होतं, पण त्यातली बाई कुठल्या भाषेत बोलत होती कोण जाणे, आणि आम्ही दोघी तिच्या हातांकडे न बघता तिच्या मागच्या खिडकीतला बर्फ बघत बसलेलो.

शिवण उसवत बसलो होतो तेव्हा सासूबाईंनी आगीचं सांगितलं. मुलगी खाली खेळायला गेलेली.

त्या काळी स्टेजवर गॅसचे दिवे असायचे, उघड्या ज्योतीचे. आणि या मुलींच्या कमरेभोवती ही जाळी. कितीतरी जणी भाजल्या. मग कापड एका द्रावणात बुडवून वाळवायची पद्धत निघाली, त्याने ते लवकर पेटत नसे. पण कापड राठ व्हायचं आणि पिवळट दिसायचं. एक तरुण नाचणारी होती, खूप नावाजलेली. तिने तो बुडवलेला झगा घालायला नकार दिला. तालमीत तिचा झगा दिव्याला लागला. ती काही महिने अंथरुणावर होती, मग गेली. तेवढ्या हालातही, बुडवलेले झगे तिला कुरूपच वाटत होते, असं लिहिलंय.

“वेडीच म्हणायची,” मी म्हटलं.

सासूबाई दोरा ओढत होत्या. “माझ्याकडे एक नायलॉनची साडी होती,” त्या म्हणाल्या. “लग्नानंतरची. गुलाबी, अशी हातात धरली तर पाण्यासारखी निसटणारी. तेव्हा घरात स्टो होता, पंप मारायचा. आमच्याच चाळीत एक बाई नायलॉनच्या साडीत भाजली. मी बघितलं नाही तिला, पण आवाज ऐकला. माझ्या सासूबाईंनी सगळ्या सुनांना सांगितलं, स्वयंपाकघरात नायलॉन नेसायचं नाही.”

“मग तुम्ही टाकून दिलीत?”

“नाही. आधी बदलून स्वयंपाक करायचे. मग पदर खोचून करायला लागले. मग काही दिवसांनी तेही नाही.”

“पण तुम्ही तर विज्ञान शिकवायचात.”

“हो ना. ज्वलनाचा धडा शिकवायचे.” त्यांनी दोरा तोडला. “ती साडी अंगावर असली की मी भांडी घासतेय असं वाटायचंच नाही. आता ह्याला काय म्हणायचं ते तू ठरव.”

माझ्या सासूबाई रात्री गॅसचा नॉब तीनतीनदा तपासतात. मुलाला त्यांनी दिवाळीत कधी मोठा फटाका उडवू दिला नाही. त्यांच्या जागी गुलाबी साडीतली, स्टोसमोर उकिडवी बसलेली दुसरीच कोणी बाई मला दिसेना, कितीही प्रयत्न केला तरी.

शेवटचं काम टाक्यांचं होतं. सगळे थर एकमेकांना सैल टाक्यांनी बांधून घ्यायचे, म्हणजे ते विस्कटत नाहीत आणि एकत्र हलतात. मधल्या एका थरात तारेचं कडं. सासूबाईंचे डोळे एव्हाना थकलेले. त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्या आईला बोलाव ना. जाळीचं काम त्यांच्या हातात असेल.”

मलाही ते पटलं. मी टुटू मोठ्या चादरीत गुंडाळून कोळशेतला आयच्या घरी नेला, सासूबाईही आल्या. आयने लुगड्याला हात पुसले आणि ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

“विहीणबाई, तुम्हाला हे सोपं जाईल,” सासूबाई म्हणाल्या. “जाळंच आहे शेवटी.”

आय त्यांच्याकडे बघत राहिली. “मी कदी जालं इनलं? ते बाप्यांचं काम. मी मासे इकले जन्मभर.”

सासूबाई ओशाळल्या. मी तर आणखीच. लहानपणी ओट्यावर जाळं पसरून बसलेले वडील आणि काका मला स्पष्ट आठवत होते, आणि त्या चित्रात आय कुठेच नव्हती, ती तेव्हा बाजारात असायची. हे मला माहीत असायला हवं होतं. तरी मीही जाळी म्हटल्यावर आयकडेच धावलेले.

तरी आय टाके घालायला बसली. तिने एवढे घट्ट घातले की टुटू छत्रीसारखा मिटला. ते उसवले. मग मी घातले, ते सुटले. मग तिघींनी मिळून, एकीने थर धरायचे, एकीने सुई घालायची, एकीने “सैल, सैल” म्हणत राहायचं, असं करून संध्याकाळपर्यंत तो उभा केला. आय मधेच म्हणाली, “एवढा आखूड कशाला पन?”

“पायांचं काम दिसावं म्हणून,” सासूबाई म्हणाल्या.

“मंग पँट घालायची ना.”

सासूबाई म्हणाल्या, “वाचून सांगते.”

कार्यक्रमाच्या आधी मॅमनी टुटू पाहिला. त्यांनी तो तळहातावर तोलला, कडेने बोट फिरवलं, आतले टाके बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. म्हणाल्या, “झाडाचा ड्रेस रिटर्न करते मग.” मुलगी झाडांतून निघून बर्फाचे कण होणाऱ्या मुलींमध्ये गेली, शेवटच्या रांगेत, कडेला.

सभागृहात मुलीच्या दोन्ही आज्या माझ्या दोन बाजूंना बसलेल्या. नवरा मोबाइल धरून पुढे गेलेला. पडदा उघडला, निळा प्रकाश आला आणि बर्फाचे कण तुरुतुरु आत आले. भाड्याचे टुटू सगळे सपाट होते, पाण्याच्या पृष्ठभागासारखे. आमचा एका बाजूला जरा चढलेला आणि दुसऱ्या बाजूला उतरलेला. मुलगी वळली की तो तिच्या नंतर वळायचा. ती थांबली की तो आणखी थोडा हलत राहायचा. माझ्या मागे बसलेली कोणीतरी बाई शेजारणीला म्हणाली, “ती शेवटची बघ. तिचा किती हलतोय.” दुसरी म्हणाली, “हो ना, बघ ना.” दोघी हसल्या. ते कौतुक होतं की चेष्टा, हे मी त्यांच्या आवाजावरून ठरवायचा प्रयत्न करत राहिले आणि त्यात माझ्या मुलीचा अर्धा नाच निघून गेला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. सासूबाई ताठ बसलेल्या, ओठ हलत होते, बहुधा टाके मोजत असाव्यात. आय पुढे वाकून बघत होती, तोंड थोडं उघडं.

मुलगी स्टेजवर हसत नव्हती. बाकीच्या मुलींना हसायला शिकवलेलं, त्या हसत होत्या. ही खाली बघत होती, तिच्या कमरेभोवतीच्या त्या पांढऱ्या कडेकडे, जणू ती काठोकाठ भरलेलं काहीतरी सांडू न देता नेत होती.

नंतर विंगेत मी तिला विचारलं, “कसं वाटलं?”

“छान,” ती म्हणाली. “भूक लागली.”

पुढच्या आठवड्यात क्लासची वेळ झाली तेव्हा ती चित्र काढत बसलेली. म्हणाली, “मला नाही जायचं आता.”

“कोणी काही बोललं का तुला?”

“नाही.”

“टुटूवरून कोणी हसलं?”

“नाही, मम्मा.”

“मग नाच आवडला नाही?”

“आवडला. पण झाला ना आता.”

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. एवढे रविवार, एवढी उसवाउसव, डोंबिवली आणि कल्याणच्या एवढ्या खेपा. “मग टुटूचं काय करायचं?”

तिने मान वर केली. तिला माझा प्रश्नच समजला नव्हता. “तो मी घालणार.”

आणि तिने घातला. पायजम्यावर घालून गणितं सोडवली. टी-शर्टवर घालून टीव्ही बघितला. सोफ्यावर तिच्या दोन्ही बाजूंना कोणाला बसता येत नसे. कोळशेत गावात आम्ही चालत जायचो आणि वाटेत बायका ओट्यावरून विचारायच्या, “ह्ये काय घातलं गं?” ती सांगायची, “टुटू. त्याचा अर्थ ढुंगण.” आयच्या घरी ती तो घालून सुकट निवडायला बसायची. त्याला सुकटीचा वास लागला, तो धुवायचा कसा ते कोणाला माहीत नव्हतं. घरात तो कपाटात राहीना, म्हणून नवऱ्याने बेडरूमच्या छताला हुक ठोकून उलटा टांगला. सकाळी डोळे उघडले की वर पांढरं काहीतरी अधांतरी असायचं आणि रोज क्षणभर मला कळायचं नाही ते काय आहे.

मी सासूबाईंना विचारलं, “नाच नको आणि कपडा हवा, हे काय?”

“जगभर तसंच आहे गं,” त्या म्हणाल्या. “बॅले कितीजणी बघतात? आमच्या इथल्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन बघ, कंपासपेटीवर टुटूवाली मुलगी आहे. केकवर आहे. ज्यांनी ते विकत घेतलं त्यांतल्या कोणीही नाच बघितलेला नसेल.”

“पण का?”

त्यांनी विचार केला. आधी म्हणाल्या, पांढऱ्या रंगामुळे. मग म्हणाल्या, तो घातला की आपल्याभोवती थोडी जागा आपली होते, कोणी फार जवळ येऊ शकत नाही. मग म्हणाल्या, “नाही, तसं असतं तर मुलींनी त्यात मिठ्या मारल्या नसत्या.” मग त्यांनी विषयच बदलला आणि भाजी काय आणलीस ते विचारलं.

पुढच्या वर्षी मुलगी उंच झाली. कमरेचे हुक मागे दोन ओळींत होते, तरी तो कमरेत घट्ट व्हायला लागला. माझ्या नणंदेने तिच्या मुलीसाठी मागितला. मुलगी म्हणाली, “नको.” मग स्वतःच म्हणाली, “कोळशेतच्या आजीकडे ठेवू या, तिच्याकडे जागा आहे.” चादरीत गुंडाळून तो आयच्या कपाटावर गेला, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एका शनिवारी मला ऑफिसला अर्धी सुट्टी होती. दुपारी आयकडे गेले. दार लोटलेलं होतं. आय आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी होती. नेहमीचं लुगडं, कासोटा मारलेलं, गुडघ्याच्या वर खोचलेलं, तिच्या काटक, काळ्या पोटऱ्या उघड्या. आणि लुगड्यावर, कमरेला, टुटू. माझ्या मुलीच्या भरलेल्या अंगाला शिवलेला तो माझ्या वाळलेल्या आईला अगदी बसला होता.

मी दारातच थांबले. तिने आरशातून मला पाहिलं. मला वाटलं ती चपापेल, पदर सावरेल, काहीतरी कारण सांगेल.

“आयलीस?” ती म्हणाली.

“काय करतेस, आय?”

“बगत व्हते.”

“काय?”

तिने खाली पाहिलं. दोन्ही तळहात त्या जाळीवर ठेवले, हळूच, तव्याची आच बघतात तसे, आणि कमरेत जरा इकडे तिकडे झाली. तो हलला. ती थांबली, तो हलत राहिला. ती ते बघत होती. सत्तरीच्या पुढची माझी आई, जिने आयुष्यात कधी आरशासमोर पावडर लावायलाही वेळ घालवलेला मला आठवत नाही.

“आवडला तुला?” मी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं की नको, तेही मला कळत नव्हतं.

“लांबून हलका वाटतो,” ती म्हणाली. “जड हाय.”

“मग काढ ना.”

“काडते.”

पण तिने काढला नाही. खिडकीपर्यंत गेली, खिडकीच्या कडेला तो टेकला आणि एका बाजूने वर उचलला गेला, तशी ती परत आली. मी पलंगावर बसले. आपण काहीतरी बोलायला हवं असं मला वाटत होतं. तू हा याआधी कितीदा घातलास, असं विचारावंसं वाटलं. तुला काय दिसतं त्यात, असंही. विचारलं असतं तर ती “काय नाय” म्हणाली असती आणि खरंच तिला तसंच वाटत असतं. बाहेर कोणीतरी नळाखाली हंडा लावला, पाण्याचा आवाज भरत गेला.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. “मागचे हुक सोड. माजा हात पोचत नाय.”

“घातलास कसा मग?”

“शेजारनीने लावून दिले.”

मी उठले आणि एकेक हुक सोडवायला लागले.